तेरचा मणी कशावर ठेवावा?

‘रंग’ हा यंदाच्या अंकाचा विषय. संपादकांचा फोन आला तेव्हा मला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे मणी आठवले. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी दगड फोडून, घासून, भोकं पाडून घडवलेले हे मणी. त्यांची जी छायाचित्रं आजवर पाहिली, त्या प्रत्येकात त्यांचा रंग निराळा होता. काळ्या मखमलीवर पेटलेला तांबडा, पांढऱ्या कागदावर मळका तपकिरी, लाल कापडावर तर मणी कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं हेच कळू नये. दगड एकाच जातीचा असताना रंग इतका का बदलतो, आणि त्यातला खरा कोणता मानायचा, हे पाहायला मी तेरला गेले. सोबत धाराशिवचे एक छायाचित्रकार होते. लग्नं, बारशी आणि सराफांच्या दागिन्यांचे फोटो हा त्यांचा रोजचा धंदा. दगडाचा फोटो काढणं माणसाच्या फोटोहून अवघड आहे, हे त्यांनी गाडीतच सांगून ठेवलं होतं.

तेरणेकाठचं जुनं शहर

तेर आज ओळखलं जातं ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून. संत गोरा कुंभारांची समाधी तेरणा नदीच्या काठी आहे आणि गावात शिरणारा माणूस आधी तिकडेच वळतो. पण या गावाचं त्याआधीचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, असं तो लिहितो. पैठणहून पट्टेदार अकीक आणि तगरहून साधं कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. पाठोपाठ हेन्री कझन्स यांनी इथल्या विटांच्या मंदिरांचा आणि टेकाडांचा वृत्तान्त पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात दिला. त्रिविक्रम मंदिराचा मागचा गोलाकार, गजपृष्ठाकार भाग तेव्हापासून अभ्यासकांच्या चर्चेत आहे.

गावाभोवती जी पांढरीची टेकाडं आहेत, ती म्हणजे ते जुनं शहर. पावसाने माती धुपली की त्यातून खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि मणी वर येतात. टेकाडाच्या कडेला शेण गोळा करणाऱ्या एका आजींना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, “पाऊस झाला की मणी वर येत्यात बाई. आमी लहान असताना येचून दोऱ्यात ओवायचो.” गावातल्या लोकांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. त्यातल्याच एकाने, रामलिंगप्पा लामतुरे यांनी, या वस्तूंचं मोल ओळखलं आणि त्या जमवल्या. तेरचं शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे. इथली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा अभ्यासकांना परिचित आहे, कारण तिच्याशी नातं सांगणारी प्रतिमा १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत, ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात मिळाली. त्या बाहुलीपुढे माणसं थांबतात. मण्यांच्या पेटीपुढून मात्र चालता चालता नजर टाकून पुढे जातात. मला ते फार खटकतं. बाहुली एक आहे, मणी ढीगभर आहेत, आणि तगरच्या बाजारात रोज काय चालायचं ते मण्यांनीच जास्त सांगितलं आहे.

हाताने घडवल्याच्या खुणा

मण्याचा फोटो कसा काढायचा हे ठरवण्याआधी मणी कसा होतो ते माहीत हवं. नाहीतर फोटोत काय दिसायला हवं होतं हेच कळत नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हारस थंड होताना पोकळ्या राहिल्या. त्यांत झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका थराथराने साठत गेली आणि अकीक, गारगोटी, जांभळा स्फटिक तयार झाले. मराठवाड्यातल्या नद्यांच्या पात्रांत आणि नांगरटीत त्याचे गोटे सापडतात. तांबड्या अकिकाला, म्हणजे कार्नेलियनला, त्याचा रंग बहुतेक वेळा भट्टीत मिळतो. दगडात मुरलेलं पिवळट लोह उष्णतेने तांबड्या लोहात बदलतं. गुजरातेत खंबायतला हा धंदा आजही चालतो आणि जुन्या मण्यांचा अभ्यास करणारे तिथल्या कारागिरांकडूनच शिकले आहेत. मार्क केनॉयर, मासिमो विदाले आणि कुलदीप भान यांनी त्या कारागिरांसोबत बसून एकेक पायरी नोंदवली. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. कपची उडते ती खालच्या टोकाकडून. शिंग मऊ असल्यामुळे दगड फुटत नाही. असे शेकडो ठोके बसले की ओबडधोबड मणी आकाराला येतो. मग घासणं, मग भोक, मग झिलई.

भोक पाडायचं ते सामत्याने. आपल्याकडचे सुतार जो दोरीचा सामता वापरत, तसाच, फक्त टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले. अकिकाची कठिणता ७ आहे, लोखंडाने त्याला भोक पडत नाही. एका बाजूने निम्मं भोक पाडायचं, मणी उलटायचा, दुसऱ्या बाजूने पुढे जायचं. दोन्ही भोकं मध्यावर नेमकी मिळतातच असं नाही. मध्ये बारीकशी पायरी राहते. ही पायरी, भोकाच्या तोंडाशी उडालेली कपची, झिलईखाली राहिलेले घासण्याचे चरे, पैलू पाडताना कमीजास्त झालेली कड, दोऱ्याने वर्षानुवर्षं झिजलेलं तोंड, या सगळ्या खुणा म्हणजे मण्याचं चरित्र. फोटोत नुसता झळाळता तांबडा गोळा दिसला आणि यातलं काही दिसलं नाही, तर त्या फोटोतून कळलं ते इतकंच की दगड तांबडा आहे.

काही तांबड्या मण्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी असते. ती कोरलेली नसते. वनस्पतीच्या चिकात कालवलेल्या सोड्याने रेघा काढून मणी तापवला की तिथला दगड पांढरा पडतो. या मण्यांवर मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा स्वतंत्र ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९४९ मध्ये काढला. त्या काळच्या अभ्यासकांची अडचण आज लक्षात येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या काचेच्या प्लेटा सर्रास वापरल्या जात, त्या लाल प्रकाशाला जवळपास आंधळ्या होत्या. तांबडा मणी त्यांवर काळाच उमटे. नंतर फिल्म सुधारली, तरी छपाई काळीपांढरीच राहिली. तांबडा, काळा आणि गडद हिरवा दगड करड्याच्या एकाच छटेत शेजारी शेजारी बसत. म्हणून मण्यांचा भार रेखाचित्रांवर असे आणि रंग शब्दांत लिहावा लागे. आता रंगीत फोटो फुकट झाला आहे, पण रंगाबद्दलची ती काळजी मात्र त्याबरोबर आलेली नाही.

काचेच्या कपाटासमोर

संग्रहालयात आम्ही आधी नुसतं पाहिलं. काचेत आमचेच चेहरे, खिडकी आणि वरची ट्यूबलाइट दिसत होती. छायाचित्रकारांनी भिंग काचेला जवळजवळ टेकवलं, भोवती काळं कापड धरलं आणि चेहरे गेले. पण खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश निळसर आणि ट्यूबचा हिरवट, त्यामुळे मण्याची एक कड एका रंगाची, दुसरी दुसऱ्या रंगाची. “दोन उजेड एकत्र आले की रंगाची खात्री गेली,” ते म्हणाले. हा नियम लग्नाच्या हॉलमध्ये शिकलेला होता आणि इथेही तंतोतंत लागू पडला.

पेटीतले मणी बाहेर काढून हाताळायला परवानगी लागते आणि ती सहज मिळू नये, हेच योग्य. त्यामुळे पुढचा प्रयोग आम्ही खंबायतच्या हातघडीच्या नव्या मण्यांवर आणि घरातल्या एका जुन्या स्फटिकाच्या माळेवर केला. दगड तोच, घडवण्याची रीतही बरीचशी तीच.

पडवीतला प्रयोग

उत्तरेकडे उघडणारी पडवी मिळाली. तिथे ऊन थेट येत नाही आणि उजेड दिवसभर साधारण सारखा राहतो. तरीही मध्ये एक पडदा हवा होता, म्हणून जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा बांधला. तगरची मलमल भडोचला जायची ते आठवून मला आनंद झाला. पडद्याशिवाय काय होतं ते आधी पाहिलं होतं. घासलेल्या दगडावर उजेडाचा एक टोकदार ठिपका उमटतो आणि त्याच्या आसपासचं सगळं मिटून जातं. मऊ, पसरलेल्या उजेडात ठिपक्याचा पट्टा होतो आणि गोलाई वाचता येते.

मग पार्श्वभूमी. इथे मूळ गोष्ट समजून घ्यायला हवी, तिच्यावाचून पुढचं सगळं नुसत्या आवडीनिवडीचं वाटेल. अकीक किंवा स्फटिकाच्या झिलईदार पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ ते ५ टक्के परततो. बाकीचा आत शिरतो. तो आत फिरतो, काही शोषला जातो, काही पलीकडे जाऊन मागच्या कागदावर आपटतो आणि त्या कागदाचा रंग घेऊन पुन्हा दगडातूनच आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. माणसाच्या फोटोत पडदा माणसाच्या मागे असतो. पारदर्शक दगडाच्या फोटोत तो दगडाच्या आत असतो. स्फटिकाचा गोल मणी तर भिंगच असतो, त्याच्या पोटात मागचं सगळं उलटं दिसतं. लाल मखमलीवर ठेवलेला स्फटिक गुलाबी झाला, कॅमेऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

काळी मखमल आधी घेतली. छायाचित्रकारांना ती आवडते, गिऱ्हाइकांनाही. “ताई, काळ्यावर लई उठून दिसतंय,” ते म्हणाले आणि खरंच दिसत होतं. पण नीट पाहिल्यावर तोटे दिसू लागले. मण्याची गडद कड काळ्यात विरघळली, आकार मोजता येईना. भोक काळं, मागचंही काळं, त्यामुळे भोकाचं तोंड हरवलं. मखमलीचे तंतू मण्याच्या चऱ्यांइतकेच बारीक असतात, ते भोकाशी अडकून बसले. शिवाय चौकटीत बहुतांश काळं असलं की कॅमेरा सगळं मध्यम करड्याकडे ओढायला पाहतो आणि दगड असतो त्याहून उजळ काढतो. जाहिरातीतला पेटता तांबडा रंग बराचसा तिथून येतो.

पांढऱ्या कागदावर उलटं झालं. कॅमेऱ्याने सगळं गडद केलं, मणी मळका झाला. उजेड वाढवला तेव्हा कागद फोटोत जळून गेला आणि त्याची चमक मण्याच्या कडांवर चढली, कडा पातळ दिसू लागल्या. तरी पांढऱ्याचा एक मोठा गुण आहे: तो मण्याला स्वतःचा परका रंग देत नाही.

काळ्या पाषाणाची फरशीही आणली होती, कारण हा दगड त्याच पाषाणाच्या पोटातला. मासिकाच्या मुखपृष्ठासाठी ती सुंदर आहे. पण पाषाणाचे कण नजर ओढून घेतात, आणि मणी तिथेच सापडला असावा असा खोटा भास होतो. तीच हरकत खापरावर किंवा मातीवर मणी मांडून काढलेल्या फोटोंना आहे. मणी कुठल्या थरात कशासोबत मिळाला हे उत्खननात फार मोलाचं असतं. ते फोटोसाठी सजवू नये.

शेवटी साधा, रंगहीन करडा कागद टिकला. त्याच्यावर एक काच, काचेखाली दोन्ही बाजूंना दोन वाट्या, म्हणजे मणी कागदापासून बराच वर. सावली काचेतून खाली जाऊन कागदावर इतकी पसरली की दिसेनाशीच झाली. करड्यावर तांबड्याची कडही दिसली आणि स्फटिकाचीही, मात्र स्फटिकासाठी दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या कराव्या लागल्या. त्यांचं प्रतिबिंब स्फटिकाच्या कडेवर काळी रेघ आखतं आणि बिनरंगी दगडाला बाह्यरेखा मिळते. पैलूंसाठी उजेड वर डावीकडून थोडा तिरका केला, की प्रत्येक पैलू वेगळ्या उजळपणाचा होतो. पुरातत्त्वातल्या फोटोंतही उजेड डावीकडून वरून घेण्याचीच रीत आहे, त्यामुळे खोलगट कुठे आणि उंचवटा कुठे याचा घोटाळा होत नाही.

मग छायाचित्रकारांनी न सांगता एक गोष्ट केली आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची ठरली. त्यांनी काचेखालून दिवा लावला. तांबडा मणी आतून उजळला. अकिकाचे पट्टे दिसले, एक जुनी चीर दिसली, आणि मधोमध दोन बाजूंनी आलेल्या भोकांची ती पायरी स्पष्ट दिसली. वरच्या उजेडातल्या कुठल्याच फोटोत ती आली नव्हती. भोकाच्या आतले चरे वाचायचे असतील तर अभ्यासक त्यात मऊ सिलिकॉन भरून ठसा घेतात आणि त्या ठशाचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढतात. ते काम प्रयोगशाळेचं. पण खालून लावलेला दिवा कुणालाही परवडतो.

सराफाला हे आधीच ठाऊक होतं

धाराशिवला परतल्यावर एका सराफाच्या दुकानात बसलो. सोन्याची अंगठी त्यांनी नेहमीप्रमाणे गुलाबी कागदातून काढली. गुलाबीवर सोनं उबदार दिसतं. हिरे ज्या पुड्यांत येतात त्यांच्या आत निळसर कागदाचा थर असतो. किंचित पिवळा हिरा त्यावर पांढरा वाटतो. जुन्या जडावाच्या दागिन्यांत मागून बंद घरात खड्याखाली चांदीचा चकचकीत पातळ पत्रा घालत, कधी तो रंगवतही, म्हणजे फिका माणिक गडद दिसे. खड्याची पार्श्वभूमी कारागिराने कायमची आतच बसवून टाकलेली. तुळजापुरात भवानीमातेच्या काळ्या पाषाणमूर्तीवर अलंकारपूजेत जे खडे झळकतात, त्यांच्यामागेही तोच काळा पाषाण उभा असतो. दागिन्यात हे सगळं रास्त आहे, तिथे खुलवणं हाच हेतू असतो. नोंदीत तोच हात चालवला तर ती फसवणूक होते.

ओला मणी हे याच फसवणुकीचं सोपं रूप आहे. सापडलेला मणी थुंकीने किंवा तेलाने पुसून फोटो काढायची सवय सगळीकडे दिसते. ओलाव्याने चरे भरतात, रंग गडद होतो, आणि दोन हजार वर्षं मातीत राहून पृष्ठभागावर जे बदल झाले तेच झाकले जातात.

मोबाइल हातात असेल तर

तेरच्या टेकाडावर पुढच्या पावसात मणी दिसेल तो कुणा शाळकरी मुलाला किंवा शेतकऱ्याला. त्यांच्याजवळ मोठं भिंग नसेल, मोबाइल असेल. तेवढ्याने काम भागतं. मणी धुऊ नये. उचलण्याआधी आहे तिथेच एक फोटो घ्यावा, आसपासची जागा ओळखू येईल असा. नंतर सावलीत, घरातले दिवे बंद करून, साध्या करड्या किंवा पांढऱ्या कागदावर ठेवावा. रंगीत कापड टाळावं. शेजारी मोजपट्टी ठेवावी, शक्यतो मण्याच्या मध्याच्या उंचीवर, म्हणजे माप चुकत नाही. मोबाइल अगदी जवळ नेला तर त्याचीच सावली पडते आणि आकार फुगीर येतो, म्हणून थोडं लांबून दुप्पट झूम घ्यावा. पडद्यावर मण्यावर बोट दाबून उजेड स्थिर करावा. चेहरा गोरा करणारी, रंग भडक करणारी सगळी सोय बंद ठेवावी. एक फोटो बाजूने, एक भोकाकडून, एक खालून दुसऱ्या मोबाइलची बॅटरी लावून. मणी घरंगळतो म्हणून त्याला डिंक किंवा मेण लावू नये, कागदाची छोटी घडी टेकू म्हणून पुरते.

संग्रहालयांकडूनही माझी अपेक्षा आहे. पेटीतल्या लाल मखमलीऐवजी करडं अस्तर आणि निवडक मण्यांखाली मंद दिवा, एवढं केलं तर पेटीपुढून निघून जाणारा माणूस थांबेल. त्याला दगडात शिरलेलं भोक दिसेल. प्रत्येक मण्याचे एकाच पद्धतीने, एकाच करड्यावर, मापासह काढलेले फोटो तयार झाले, तर तेर, पैठण, भोकरदन इथले मणी शेजारी ठेवून पाहता येतील. आज तसे पाहू गेलं तर आपण दगडांची नव्हे, निरनिराळ्या कापडांची तुलना करत बसतो.

आणि फोटो काढून झाला की मणी खिशात घालू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू आहे. तेरमध्ये तर दूर जायचीही गरज नाही. गावातलंच संग्रहालय गावकऱ्याच्या नावाने उभं आहे. मणी आणि त्याचा फोटो, दोन्ही तिथे नेऊन द्या.